एकदाच उडालेलं

शनिवारी बाजार ओसरला की
भरमाण्णा मन्नूरकर येतात, लुनावरून,
मागं बांधलेला तेलाचा रिकामा डबा,
खिशात लायसनची झेरॉक्स, घडीवर घडी पडून
मधोमध फाटलेली.

आमचं गुदाम अनगोळच्या नाक्याच्या आत.
कॅम्पातल्या लिलावाचा लॉट इथं उतरतो.
पोतं उपडं केलं की आवाज येतो
लग्नात ताटं मांडताना येतो तसा.
बाप म्हणायचा, पितळ म्हणजे पितळ,
नळाची तोटी काय नि काडतूस काय,
भट्टी कुणाला जात विचारत नाही.
बाप गेला. भट्टी भावानं उद्यमबागेत नेली.
काटा माझ्याकडं राहिला.

भरमाण्णा पोत्यावर बसतात, चष्मा कपाळावर ढकलतात,
एकेक पुंगळी उचलतात.
आधी बूड बघतात, पिनेचा खळगा
मधोमध बसलाय का.
मग तोंड उजेडाकडं धरून आत,
विहिरीत बघावं तसं.
मग गळ्यावरून नख.
"हे एकदाच उडालंय. घेतो."
"हे दोनदा. बघ की, तडा गेलाय केसाएवढा."
मला दिसत नाही.
"दिसायचा न्हाई. नखाला कळतो."

पलटणीत चोवीस वर्षं आर्मरर होते.
एकदा विचारलं, कुणावर झाडली का कधी?
"मी झाडत नव्हतो गं. बिघडलेलं नीट करत होतो."
आता क्लबातल्या पोरांसाठी भरून देतात,
कागदावरच्या काळ्या ठिपक्यावर मारायला.

उद्या निपाणीची माणसं येणार आहेत.
मावशीनं फोनवर सगळं सांगून टाकलंय:
दीडच वर्ष नांदली, मूलबाळ नाही,
कोर्टात मिटलंय, कागद आहेत.
तिकडची आत्या म्हणाली म्हणे,
एकदाच झालंय न्हवं? मग चालतंय की.

मी काट्यात वजन ठेवत होते. हसू फुटलं
आणि पाव किलोचं माप पायावर पडलं.

"काय झालं गं?"
काय सांगणार. विचारलं,
ही तडकलेली, ह्यांचं पुढं काय?
"भट्टीत." मग जरा थांबून,
"सगळीच न्हाईत. काही नुसती ताठलेली असतात.
गळ्याला आच द्यायची, रंग बदलतोय तेवढीच,
आणि लगेच पाण्यात सोडायचं.
लोखंडाला असं केलं तर कडक होतंय.
पितळ मऊ येतं. उलटंच आहे त्याचं."

उलटंच आहे त्याचं.
त्या दीड वर्षात कुणीतरी विचारायला हवं होतं
ही लोखंडाची का पितळेची.
आच तर देतच होते,
पाणीही.

शेजारचा बसप्पा दारातून डोकावतो, "एष्ट आतु, अक्का?"
मी बोटांनी दाखवते: साडेतीन किलो.
भरमाण्णा पैसे मोजता मोजता थांबतात.
"भाव वाढवलास?"
"निवडून घेतलं की किलोला वीस जास्त, काका."
"गेल्या खेपेला दहा होते."
"गेल्या खेपेला मला निवडता येत नव्हतं."
बघतात माझ्याकडं.
मग आणखी एक नोट काढतात, सुरकुतलेली,
आणि सुट्टे मागत नाहीत.

लुनाचा आवाज नाक्यापर्यंत ऐकू येतो.
मी नको म्हटलेल्या ढिगात हात घालते.
पहिली गुळगुळीत. दुसरी गुळगुळीत.
तिसरीच्या गळ्यावर नख अडकतं,
साडीच्या काठाला सूत अडकावं, तेवढंच.

लहानपणी आम्ही पुंगळ्यांच्या शिट्ट्या वाजवायचो,
खालच्या ओठाला टेकवून, आडवा श्वास सोडून.
तडकलेली वाजत नसेल असं वाटलं होतं.
वाजते. जरा घोगरी.
पोत्यांवर झोपलेलं कुत्रं मान वर करतं,
बसप्पा पलीकडून ओरडतो, "साकु अक्का, साकु!"

अकराला येणार आहेत.
मी पुन्हा फुंकते.